पान बेचाळीस

उद्या सहाची गुहागर गाडी, स्वारगेटहून.
रात्रीचे साडेदहा, आणि पलंगावर अकरा पुस्तकं.
बॅगेत जागा तिघांपुरती,
तीही चारूनं पंचा खांद्यावर घेतला तर.

"सुट्टीत वाचायचंच असेल," तो दात घासता घासता म्हणतो,
"तर घरीच बसू की. भाडंही वाचेल."

पहिलं बाजूला काढते ते वाचनालयाचं.
सोमवारी परत करायचं, उशीर झाला तर दिवसाला दोन रुपये,
आणि खांबेटे दंड घेताना पावतीपेक्षा
माझ्या तोंडाकडे जास्त वेळ बघतात.
शिवाय समुद्राची हवा.
पानं सादळतात, पापडासारखी.

दुसरं मुक्तानं वाढदिवसाला दिलेलं:
आयुष्य कसं आवरावं, सतरा पायऱ्यांत.
पहिल्याच पायरीवर लिहिलंय, कपाट रिकामं करा.
ते कपाटातच राहू दे.

कवितांचं एक, नव्वद पानी. हे न्यावं.
कुठंही मावेल, चपलांच्या पिशवीतसुद्धा,
पण तिथं काही ठेववत नाही.
पुस्तकाला पाय लागला की आजही
हात आपोआप कपाळाला जातो.

एक रहस्यकथा, बाजीराव रस्त्यावरच्या फुटपाथवरून,
वीस रुपयांना.
आधीच्या कुणीतरी सातव्या पानावर
खुनी कोण ते पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.
आडनावासकट.
तरी घेते. खोटंही असेल.
पुण्यातला वाचक, काय सांगावं.

आणि मग तो ठोकळा.
नऊशे चार पानं, पाठीला चिकटपट्टी,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो तीनशे.
चौदा वर्षं हा आमच्याबरोबर सुट्टीला येतोय.
मुरुड, चिखलदरा, हंपी, एकदा नुसतंच पानशेत.
चुकून चारूच्या बॅगेत राहिला म्हणून
मी न गेलेल्या एका लग्नालाही, कोल्हापूरला, जाऊन आला.
खूण अजून बेचाळीसवर.

दरवेळी वाटतं धागा सुटलाय,
म्हणून पहिल्यापासून सुरू करते.
बेचाळीसपर्यंत पोचते तोवर
चादरी झटकून घड्या घालायची वेळ.
धाकटा भाऊ ट्रंकेवर बसलाय,
छोट्याशा स्टेशनात, गाडीची वाट बघत.
चौदा वर्षं बसलाय.
इकडे मुक्ता दहावी झाली, नोकरीला लागली,
चारूचे केस गेले,
त्याची गाडी काही येत नाही.

झटकलं तर वाळू पडते, कुठल्या किनाऱ्याची कळत नाही.
सुरूची एक काडी.
औषधाचं बिल, चिखलदऱ्याचं:
रात्री अडीचला दुकानदाराला उठवलं होतं,
मुक्ताला एकशे तीन ताप,
आणि तो भला माणूस बनियनवरच पावती फाडत होता.
हे मात्र मी कधी विसरले नाही.
हे वाचायला खूण लागत नाही.

"त्याला यंदा राहू दे," चारू म्हणतो, तोंड पुसत.
चिडवण्यासारखं नाही म्हणत. त्याची पाठ धरते हल्ली.
ठोकळ्याच्या जागी जातात
गुडघ्याचा पट्टा, बीपीच्या गोळ्या,
मेथीच्या लाडवांचा डबा.
बरोबर बसतात. जणू जागा त्यांचीच होती
आणि आजवर कुणीतरी दुसरंच बसलं होतं.

पहाटे पाच. सहकारनगर अजून झोपलेलं,
तळजाईकडून एक मोर ओरडतो, बेसूर.
कुलूप लावलं, दोन मजले उतरले.
चारू रिक्षात बॅगा कोंबतोय.

"गॅस बघून येते," म्हणाले.

गॅस बंदच होता.

टेबलाशी उभी राहिले, चपला पायात तशाच.
या वेळी पहिल्यापासून नाही.
बेचाळीस उलटलं.

ट्रंकेवरचा पोरगा उठतो.
मागची धूळ झटकतो.
खालून हॉर्न. एक. मग लांबलचक.
वळणावर धूर दिसतोय,
त्याला आणि मला.